भोंगा दुपारी वाजला

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. गेल्या वर्षी चैत्रात, पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी, सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावाच्या शिवेवर, तांबडं फुटता फुटता. वाघाला मी यात धरत नाही. वाघ वाघासारखा वागला. दार उघडं आहे हे ठाऊक असून ज्यांनी ते लावलं नाही, त्यांनी हा अन्याय केला. आणि नंतर कागदावर 'महिलेचा निष्काळजीपणा' असं लिहून ते मोकळे झाले.

मला पत्रकं लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांनी एकच बजावलं होतं: कोणाचं काय गेलं ते पहिल्या ओळीत लिही, बाकीचं मागून. म्हणून तिचं काय गेलं ते सांगते. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. कानामागून मानेपर्यंत टाक्यांचे व्रण आहेत, तिथे केस उगवत नाहीत. पण हे वाघानं नेलं. माणसांनी नेलं ते वेगळं. ती सकाळी अंगणात उभी राहून स्वतःच्या अकलेनं ठरवायची की आता जावं की थांबावं. ते ठरवणं तिच्याकडून काढून घेतलं. गावात कोणी काही विचारलं की ती आधी माझ्या आईच्या, म्हणजे सासूच्या, तोंडाकडे बघायला लागली.

आमचं घर ढिवराचं. तळ्यातली मासोळी, दोन बांध्या धानाच्या, बाकी रोजी. उन्हाळा लागला की भाऊ तेलंगणात मिरची तोडायला जातो, तसा त्याही वर्षी गेला होता. घरात आई, वहिनी आणि मी. मी संघटनेच्या कामात अर्धा महिना बाहेर. म्हणजे मोहफुलं वेचायचा सगळा भार वहिनीवर. गावाच्या बोडीपलीकडे, लहान तळ्याच्या पल्याड, आमच्या वाट्याची दोन मोहाची झाडं आहेत. त्यांच्याखालचा पाला झाडून, जाळून जमीन साफ करायचं काम ती आदल्या दिवशीच करून ठेवायची. मोहाचं फूल पहाटे गळतं. उशीर केला की चितळं खातात, डुकरं खातात, गावातली मोकाट गुरं खातात. शहरातले लोक विचारतात, एवढ्या अंधारात जंगलात जायची काय हौस? त्यांना सांगते, फुलाला तुमच्या ऑफिसची वेळ ठाऊक नसते.

भोंगा यायच्या आधी आमच्या गावात मोहाच्या दिवसांत हाकेची पाळी असायची. ज्या घरांची पाळी, त्या घरचे पुरुष उजाडायच्या आधी डफडं आणि तेलाचे रिकामे पिपे घेऊन शिवेपर्यंत बडवत जायचे. हाका मारत, झुडपांवर काठ्या हाणत. त्यांच्या मागून बाया टोपल्या घेऊन. वाघ आसपास असला तर कंटाळून आत निघून जायचा. कोणाची पाळी चुकली तर बाया त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "ऊठ गा भाऊ, का बायकोच्या लुगड्यात लपला?" एवढं ऐकल्यावर कोण झोपतो?

मग वाघाची राखण करायला सरकारनं ठेवलेली कंपनी आली. जंगलाच्या कडेनं खांब रोवले, झाडांना कॅमेरे बांधले, समाजमंदिराच्या छतावर भोंगा बसवला. आम्हांला सांगितलं ते असं: कॅमेऱ्यापुढून काही गेलं की फोटो दूरच्या मोठ्या संगणकांकडे जातो. तिथलं सॉफ्टवेअर ओळखतं, हे रानडुक्कर, ही पाटलाची गाय, हा वाघ. वाघ असला की भोंगा वाजतो आणि गावातल्या मोबाइलवर फोटो येतो. सगळं मिनिटभरात. आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने ते तसंच चाललं. दोनदा भोंगा वाजला, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पाणंदीत पंजे दिसले. कंपनीनं समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'भोंगा शांत, गाव निवांत.'

मोह लागायच्या तोंडावर ग्रामसभेत हाकेच्या पाळीचा विषय निघाला. अर्धे पुरुष मिरचीला गेलेले, उरलेल्यांना पहाटे उठायचा कंटाळा. एक जण म्हणाला, "आता भोंगा हाय नं. डफडं काऊन बडवाचं?" ठरलं की भोंगा वाजला तर कोणी जायचं नाही, न वाजला तर जायचं. हाकेची पाळी बंद.

डफडं वाजवणारा झोपला तर ते आम्हांला कळायचं. त्याचं दार ठाऊक होतं. भोंगा झोपला तर कसं कळणार, हे कोणी विचारलं नाही. भिंतीवरच लिहिलं होतं की तो शांत असला तर आपण निवांत असायचं. जन्मभर जंगलाच्या शांततेला घाबरणारे आम्ही लोक. पाखरं गप झाली की पाय थांबवणारे. पण त्या एका छतावरच्या शांततेवर आम्ही विश्वास टाकला, कारण ती सरकारी रंगात रंगवलेली होती.

त्या मंगळवारी मी घरीच होते, अंगणात बाजेवर. जागी होते पण उठले नव्हते. वहिनी टोपली घेऊन अंगणाच्या मधोमध उभी होती. कान देऊन. आईनं आतून विचारलं, "वाजला का वं?"

"नाई वाजला."

"मंग जाय नं लवकर. चितळं खाऊन टाकतीन."

ती गेली. हे चार वाक्यांचं बोलणं मी वर्षभर डोक्यात घेऊन हिंडते आहे. यात निष्काळजीपणा कुठे आहे, ते मला कोणीतरी बोट ठेवून दाखवावं.

मोहफूल वेचायचं म्हणजे वाकावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. वहिनी वाकलेली असतानाच वाघानं तिच्यावर झडप घातली. पलीकडच्या झाडाखाली दोघी सासू-सुना वेचत होत्या. त्यांनी आरडाओरडा केला, टोपल्या फेकल्या, एकीनं हातातला खराटा घेऊन चक्क वाघाच्या दिशेनं धाव घेतली. त्या दोघींमुळे माझी वहिनी जिवंत आहे. तिला दवाखान्यात नेलं, आधी सिंदेवाही, तिथून चंद्रपूर. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती सारखी एकच म्हणत होती, "मी आयकली होती बाई. मी कान देल्ली होती. नाई वाजला."

दुपारी मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसले होते. ऑपरेशन चालू होतं. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर टुण्ण झालं. वाघाचा फोटो. पाठोपाठ गावातून फोन, शेजारच्या काकूचा, घाबरलेला आवाज: "अवं, भोंगा वाजून राह्यला! लय जोरात वाजून राह्यला! आणखी एक आला का काय वं? आमी सारे घरात घुसून बसलो."

मी फोटो मोठा करून पाहिला. काळपट गवत, मागे आमच्या बोडीची पाळ, आणि गवतातून चाललेला वाघ. भरदुपारी गवत काळं कसं? कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली वेळ होती. पहाटेची. वहिनी अंगणात कान देऊन उभी होती त्याच्या आधीची. म्हणजे कॅमेऱ्यानं वाघ पाहिला होता. वेळेवर पाहिला होता. फोटो निघाला होता. मग सकाळभर तो होता कुठे?

मी काकूला म्हटलं, "बाहेर या. दुसरा वाघ नाही. हा सकाळचाच आहे."

"सकाळचा आता वाजून राह्यला?" काकू म्हणाली.

आठवड्याभरात कंपनीचा इंजिनिअर आला. गळ्यात ओळखपत्र, वय माझ्याएवढंच. समाजमंदिरात सभा भरली. तो म्हणाला, "सिस्टिम त्या दिवशी चालू होती. अलर्ट गेलेला आहे, आमच्याकडे नोंद आहे."

खराटा घेऊन धावलेली म्हातारी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "गेला असन बावा. पण रस्त्यात कुठी थांबला होता का? थेट जेवाच्या टायमाले आला."

लोक हसले. इंजिनिअरही हसला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, फोटो पहाटेचा, भोंगा दुपारचा, मधल्या वेळात काय झालं? तो म्हणाला, "नेटवर्क लेटन्सी असू शकते." मी म्हटलं, मराठीत सांगा. तो म्हणाला, "मॅडम, टेक्निकल आहे." ही ओळ मी रेशनच्या दुकानात ऐकली आहे, पीकविम्याच्या खिडकीवर ऐकली आहे, पेन्शन बंद झालेल्या म्हाताऱ्यांसोबत उभी राहून ऐकली आहे. टेक्निकल आहे म्हणजे घरी जा.

मी घरी गेले नाही. वसतिगृहातली माझी मैत्रीण, ब्रह्मपुरीची, पुण्यात संगणकांचंच काम करते. तिला सगळं सांगितलं, फोटो पाठवला. तिनं मला समजावलं ते मी इथे साध्या भाषेत लिहिते, कारण हे कळल्याशिवाय पुढचा राग कळणार नाही.

असलं मोठं काम एकच प्रोग्रॅम करत नाही. फोटो घेणारा एक, वाघ ओळखणारा दुसरा, भोंग्याला हुकूम देणारा तिसरा. प्रत्येक जण आपापल्या बंद डब्यात बसून काम करतो. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. असे खूप डबे, खूप संगणकांवर. त्या सगळ्या जथ्याला म्हणायचं क्लस्टर. आणि कोणता डबा कुठे ठेवायचा, कोणाला किती ताकद द्यायची, कोणाला बंद करायचं, हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर सगळ्यांच्या वर असतं.

"म्हणजे तेंदूपत्ता खरेदीच्या फळीवरचा मुकादम," मी म्हटलं.

"हो, तसाच. आता आयक. त्या मुकादमातच दोष निघाला होता. बाहेरचा कोणीही, पासवर्ड नसताना, एका ठराविक पद्धतीनं विनंती पाठवली की मुकादम त्याले मालक समजते. मंग तो सांगन ते साऱ्या मजुरायनं करायचं. ज्यायनं ते सॉफ्टवेअर बनवलं त्यायनं सोता जाहीर केलं, अत्यंत गंभीर दोष हाय, ताबडतोब अपडेट करा. दुरुस्तीबी देली. फुकट."

"कधी?"

"तुह्या वहिनीच्या आधी. कितीतरी आठवडे आधी. आमी त्या दिवशी जेवण सोडून ते काम केलं होतं वं."

मग ती म्हणाली की बाहेरून बसून तिला खात्रीनं सांगता येणार नाही. पण तिचा अंदाज असा की आमच्या कंपनीनं अपडेट केलंच नसावं आणि कोणीतरी आत शिरलं असावं. असे शिरणारे बहुतेक वेळा वाघाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवी असते फक्त यंत्रांची ताकद. ते स्वतःचे डबे आत ठेवतात, त्यांत डिजिटल नाणी बनवतात, आणि सगळी ताकद तिकडे ओढतात. बाकीचे डबे मरत नाहीत. रांगेत उभे राहतात.

माझ्या वहिनीचा वाघ रांगेत उभा होता.

जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेल्या कोणाला तरी नाणी हवी होती. त्याला आमचं गाव ठाऊक नाही, बोडी ठाऊक नाही. त्याला मी काय बोलू? तो चोर आहे. पण ज्यांना राखण करायला ठेवलं होतं, ज्यांना सांगून ठेवलं होतं की कुलूप निघतंय, त्यांचं काय?

मी इंजिनिअरला गाठलं. चंद्रपूरला, त्याच्या ऑफिसच्या खाली, चहाच्या टपरीवर. मैत्रिणीनं सांगितलेले प्रश्न विचारले. मुकादमाचं अपडेट कधी केलं? बाहेरचे डबे सापडले का? त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी ते सोडा. खरं की नाही?"

त्यानं मागे वळून ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सापडले. त्याच दुपारी काढले. काढल्यावरच तुमचा अडकलेला अलर्ट सुटला."

"आणि अपडेट?"

"मी मेल केला होता वर. दोनदा. अपडेट करायचं तर सिस्टिम काही वेळ बंद ठेवावी लागते. त्या महिन्यात मोठे पाहुणे येणार होते, डेमो होता. वरून सांगितलं, डेमो होईपर्यंत चालू सिस्टिमला हात लावायचा नाही."

"मग तुमच्या कंपनीच्या अहवालात निष्काळजीपणा माझ्या वहिनीचा कसा?"

"अहवाल मी लिहिला नाही ताई."

"तुम्ही हे लिहून द्याल?"

तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "तिची बोटं गेली." तो माझ्या चहाचे पैसे देऊन वर निघून गेला. त्याची मला कीव आली असं म्हणणार नाही. आली नाही.

अहवाल मात्र गावात आधीच पोचला होता. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याची प्रत चिकटवली होती. 'महिलेचा निष्काळजीपणा. सदर महिला पुरेशी खबरदारी न घेता वनक्षेत्रात गेली.' छापलेलं आहे म्हटल्यावर खरंच असणार. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. अंधारातच गेली म्हणे. लय हपापली होती मोहासाठी. नवरा नाही घरी, कोणाचं आयकते? आरमोरीहून तिचे माहेरचे आले, तिचा बाप ओसरीवर बसून तिलाच म्हणाला, "तुले काही डोस्कं हाय का नाई बाई?" भाऊ मिरची सोडून आला होता. तो तिच्या हाताची पट्टी बदलायचा, पण तोही एकदा म्हणालाच, "थोडी थांबली असती तं."

आणि माझी आई. आई तर रोज म्हणायची. भाकरी थापताना, भांडी घासताना, आल्यागेल्याला सांगताना. "कोणी सांगतलं होतं इला उजाडाच्या आंधी जायले?"

मी तेव्हा तोंड उघडलं नाही. आईचं तोंड बघून उघडवेना. वहिनीही बोलली नाही. "तुम्हीच म्हणाल्या होत्या" एवढंच तिला म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. डाव्या हातानं तांदूळ निवडायची. शेजारच्या बाया आल्या की डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. एके दिवशी मला म्हणाली, "बाई, मले सांग बरं, वाजला तं नसन? माह्याच कानानं दगा देल्ला तं नसन?"

त्या दिवशी मी ठरवलं की हे आता कंपनीच्या ऑफिसात मिटवायचं नाही. मी पत्रक काढलं. एक पान, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला पहाटेचा फोटो, त्यावरची वेळ गोल करून. दुसऱ्या बाजूला मुकादमाची गोष्ट, मी वर लिहिली तशीच. घरोघरी वाटलं. आणि ग्रामसभेत विषय मांडला: अहवालातली ती ओळ खोटी आहे, असा गावाचा ठराव झाला पाहिजे.

आमच्याकडे ग्रामसभेत हात मोजून निकाल लावत नाहीत. सगळ्यांचं जुळेपर्यंत बसतात. एक जरी घर 'नाही' म्हणालं तरी विषय पुन्हा उघडतो. म्हणून सभा लांबली. कोणी म्हणालं, कंपनी रागावली आणि भोंगा काढून नेला तर? कोणी म्हणालं, हे डबे-बिबे आपल्याला काय समजतं? म्हातारी म्हणाली, "डबे नाई समजत. पण सकाळचा वाघ दुपारी दाखवते ते समजते. माहा बुढा बी इतका उशिरा उठत नोयता." यावेळी मीही हसले.

शेवटी बाकीची सगळी घरं 'हो' म्हणाली. आमचं घर राहिलं. नियमाप्रमाणे घरातलं थोरलं माणूस बोलतं. आई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. भाऊ म्हणाला, "माय, बोल नं." वहिनी बायांच्या मागे, भिंतीला टेकून.

आई मान खाली घालूनच बोलली. "मी आतून इचारलं, वाजला का. ही म्हणे नाई. मीच म्हणली, जाय." मग वळून मागे बघितलं, वहिनीकडे, आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "तुही चूक नोयती वं."

वहिनी रडली नाही. तिनं फक्त डोक्यावरचा पदर मागे सारला. टाके सगळ्यांना दिसले. ती तशीच बसून राहिली.

ठराव झाला. आम्ही तो सगळीकडे पाठवला. कंपनीकडून उत्तर आलं की 'प्रणाली अद्ययावत करण्यात आली असून सेवा अधिक सक्षम झाली आहे.' म्हणजे दुरुस्ती केली. ज्या कामाला काही वेळ भोंगा बंद ठेवावा लागतो म्हणून ते रखडलं होतं, ते एका संध्याकाळी उरकलं. आम्हांला आधी सांगितलं, त्या संध्याकाळी कोणी जंगलाकडे गेलं नाही. एवढंच लागत होतं. एवढंच. अहवालातली ओळ मात्र तशीच आहे. आम्ही पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहू. फलकावरची प्रत वहिनीनं स्वतः, डाव्या हातानं, फाडून काढली.

या वर्षी चैत्रात हाकेची पाळी पुन्हा सुरू झाली. भोंगाही आहे. दोन्ही असू देत, माझं भोंग्याशी भांडण नाही. यंत्र नको असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या दोन वेळा तो वेळेवर वाजला, त्या दोन्ही वेळा त्यानं माणसं वाचवली आहेत. माझं भांडण त्या माणसांशी आहे ज्यांना धोक्याची सूचना मिळते, दुरुस्ती फुकट मिळते, आणि तरी पाहुणे येणार म्हणून ते हात बांधून बसतात. आणि मग झाल्या गोष्टीचं खापर अशा बाईवर फोडतात, जिला कंटेनर आणि क्लस्टर हे शब्द ऐकायलाही मिळाले नव्हते.

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या गावात, वस्तीत, दवाखान्यात, धरणावर असं काही तरी यंत्र आहे, जे गप्प असलं की तुम्ही निर्धास्त होता. ते कोण चालवतं, ते शोधा. त्याच्या सॉफ्टवेअरमधला शेवटचा गंभीर दोष कधी जाहीर झाला, आणि तुमच्याकडे तो कधी दुरुस्त केला, हे विचारा. दोन तारखांमधल्या काळाची जबाबदारी कोणाची, त्या माणसाचं नाव मागा. 'टेक्निकल आहे' हे उत्तर घेऊ नका. लेखी मागा, याच आठवड्यात मागा, आणि मिळेपर्यंत त्यांच्या दारातून उठू नका.